आई-वडिलांसाठी निवासी शुश्रूषेची व्यवस्था: पहिल्यांदाच हा शोध घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांमध्ये वृद्धाश्रमाचा किंवा शुश्रूषा केंद्राचा शोध सुरू होतो तो रुग्णालयातून डिस्चार्ज मिळण्याच्या दोन दिवस आधी. आईच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली असते, डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असे सांगितलेले असते, घर तिसऱ्या मजल्यावर असते, इमारतीला लिफ्ट नसते, एक मुलगा-सून नोकरी करणारे आणि दुसरा मुलगा परदेशात असतो. अशा घाईत निर्णय होतो तो जाहिरातीतली छायाचित्रे पाहून किंवा ओळखीतल्या कोणाच्या तरी शब्दावर, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या व्यक्तीला तिथून हलवण्याची वेळ येते. म्हणून या लेखात मी एकच क्रम सुचवणार आहे. त्या व्यक्तीला दिवसा आणि रात्री नेमकी कोणती मदत लागते हे आधी कागदावर उतरवावे, आणि मग संस्था, खर्च, करार व कागदपत्रे या सर्वांची पारख त्या कागदावरून करावी.

घाई टाळता येण्यासारखी नसेल, तर कायमच्या प्रवेशाचा निर्णय त्या आठवड्यात घेऊ नये. पुणे, मुंबई, नाशिक यांसारख्या शहरांत शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवडे ठेवून घेणारी पुनर्वसन केंद्रे आहेत आणि अनेक शुश्रूषा केंद्रेही महिन्याभरासाठी तात्पुरता प्रवेश देतात. तेवढ्या काळात व्यक्ती किती चालू लागते हे कळते आणि कुटुंबाला शांतपणे शोध घेता येतो.

पहिले पाऊल: सात दिवसांची नोंदवही

एक साधी वही घ्यावी आणि सलग सात दिवस, चोवीस तास, कोणी काय मदत केली ते वेळेसह लिहावे. आंघोळ, कपडे बदलणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून उठणे-बसणे, लघवी-शौचावरील ताबा आणि जेवण या सहा बाबतींत व्यक्ती स्वतः करते का, हात धरावा लागतो का, की सर्व काही दुसऱ्याने करावे लागते, हे प्रत्येक दिवशी नोंदवावे. जगभरात वृद्धांच्या शुश्रूषेचे मोजमाप याच सहा गोष्टींवरून केले जाते, आणि चांगली संस्था प्रवेशाच्या वेळी हेच प्रश्न विचारते.

नोंद कशी असावी याचा नमुना देतो. ‘रात्री २ वाजून १० मिनिटे: आई उठली, चप्पल शोधत होती, शाळेला उशीर होतोय म्हणाली. समजावून झोपवायला अर्धा तास. पहाटे ४: अंथरूण ओले, चादर बदलायला दोन माणसे लागली. सकाळी ७: चहा स्वतः घेतला, पण गोळ्या तोंडात धरून ठेवल्या, नंतर थुंकल्या.’ एवढ्या तीन ओळींतून चार गोष्टी कळतात. स्मृतिभ्रंशाची तपासणी हवी, रात्री जागे असणारे कर्मचारी हवेत, उचलण्यासाठी दुसऱ्या माणसाची सोय हवी, आणि गोळ्या नुसत्या हातात देऊन भागणार नाही. ‘आईला थोडे विस्मरण होते, बाकी ठीक आहे’ असे संस्थेला सांगितले असते, तर यांतली एकही गोष्ट पुढे आली नसती.

पुष्कळ कुटुंबे प्रवेश नाकारला जाईल या भीतीने त्रास कमी करून सांगतात. तसे करू नये. लपवलेली गोष्ट पहिल्याच रात्री उघड होते, आणि तिचा भुर्दंड कुटुंबाच्या आधी त्या वृद्ध व्यक्तीला बसतो.

वहीच्या सोबत नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्यावे: निदान, चालू औषधे व मात्रा, ॲलर्जी, गिळण्याची अडचण, शेवटच्या रक्ततपासण्या आणि वजन. रात्रीचा गोंधळ अचानक, दोन-चार दिवसांत सुरू झाला असेल, तर स्मृतिभ्रंशाचा निष्कर्ष काढण्याआधी मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नव्या औषधाचा परिणाम तपासून घ्यावा. ही कारणे बरी होणारी असतात.

कोणत्या प्रकारची जागा हवी

‘वृद्धाश्रम’ या एकाच पाटीखाली फार वेगवेगळ्या संस्था चालतात. नेहमीचा वृद्धाश्रम हा स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या, चालत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी असतो. तिथे जेवण, निवास, सोबत आणि आठवड्यातून एखाद्या वेळी डॉक्टर एवढी सोय असते. पुण्याच्या नवी पेठेतील ‘निवारा’सारख्या जुन्या धर्मादाय संस्था आणि राज्य शासनाच्या १९९५ च्या योजनेतून उभे राहिलेले मातोश्री वृद्धाश्रम सामान्यतः या गटात मोडतात. अंथरुणाला खिळलेल्या, नळीने अन्न घेणाऱ्या किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या व्यक्तीसाठी चोवीस तास परिचारिका असलेले शुश्रूषा केंद्र लागते. ‘नर्सिंग होम’ अशी पाटी असलेली बहुतेक ठिकाणे ही लहान खासगी रुग्णालये किंवा प्रसूतिगृहे असतात, आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली झालेली त्यांची नोंदणी रुग्णोपचारासाठी असते. तिथे दीर्घ मुक्कामाची सोय मिळेल असे गृहीत धरू नये.

स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती शरीराने धडधाकट असली, तरी साध्या वृद्धाश्रमात तिचे हाल होतात, कारण फाटक उघडे असते आणि संध्याकाळी वाढणारी तिची अस्वस्थता कोणाला हाताळता येत नाही. तिच्यासाठी त्याच कामाचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी आणि फिरायला सुरक्षित, बंदिस्त अंगण असलेली जागाच पाहावी. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शहरोशहरीच्या शाखांकडे याबाबत विचारणा करता येते. कर्करोग शेवटच्या टप्प्यात असेल, तर वृद्धाश्रमाऐवजी वेदनाशमन केंद्राचा विचार करावा. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, आणि पुण्यातील वारज्याचे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून हेच काम करत आहे. मॉर्फिनची योग्य मात्रा, जखमांची निगा आणि कुटुंबीयांना सोबत राहू देणे या तीन गोष्टी तिथे मिळतात आणि अन्यत्र क्वचितच मिळतात.

ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प हा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे आपण सदनिका विकत किंवा भाड्याने घेतो आणि सेवा वेगळ्या आकारल्या जातात. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी रॅम्प, चाकाच्या खुर्चीला पुरेल अशी लिफ्ट, घसरण न होणाऱ्या फरशा आणि आपत्कालीन घंटा यांसारखे किमान निकष घालून दिले आहेत. घर घेण्यापूर्वी विकासकाच्या करारात ते उतरले आहेत का, हे पाहावे. मात्र पुढे अंथरुणाला खिळल्यावर तिथे शुश्रूषा मिळेल, असे बहुतेक करारांत म्हटलेले नसते.

आणि घरीच ठेवणे हाही एक पर्याय आहे. ब्यूरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांची बाई किंवा मामा (पुरुष मदतनीस) ठेवण्याचा खर्च, त्यांच्या सुट्ट्यांच्या दिवशीची अडचण आणि घरातल्या ज्या व्यक्तीवर देखरेखीचा भार पडणार आहे तिची तब्येत, या तिन्ही गोष्टी प्रामाणिकपणे मांडाव्यात. ही व्यक्ती बहुतेक वेळा सून किंवा अविवाहित मुलगी असते, आणि कौटुंबिक बैठकीत तिचेच म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते, हे मला फार खटकते.

जी व्यक्ती जाणार आहे तिच्याशी बोलणे

‘चार दिवस फिरायला जाऊ’ असे सांगून आजोबांना संस्थेत सोडून येण्याचे प्रकार घडतात. त्यानंतर ती व्यक्ती कोणावरही विश्वास ठेवत नाही, औषधे नाकारते आणि जेवण सोडते. ज्यांना समजते त्यांच्याशी स्पष्ट बोलावे, आणि ते नातवंडांसमोर किंवा सर्व भावंडांच्या गर्दीत नव्हे, तर ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे अशा एका माणसाने बोलावे. दोन-तीन संस्था निवडून त्यांतली एक त्यांना निवडू द्यावी. शक्य असेल तर पंधरा दिवस राहून पाहण्याची सोय मागावी. स्मृतिभ्रंशामुळे निर्णय कळण्यापलीकडे गेलेल्या व्यक्तीलाही खोली, खिडकी, शेजारी कोण, सकाळी चहा किती वाजता, अशा गोष्टींत आवड-निवड असते, आणि ती विचारता येते.

भावंडांमध्ये पैशाचा आणि भेटींचा वाटा कोणाचा किती, हेही याच टप्प्यावर लिहून ठेवावे. परदेशातील मुलांनी पैसे पाठवणे पुरेसे मानू नये. संस्थेपासून तासाभराच्या अंतरावर राहणारी, रात्री फोन उचलणारी आणि रुग्णालयात सही करण्याचा अधिकार दिलेली एक व्यक्ती आधी ठरवावी आणि मगच संस्था निवडावी.

खर्चाचा अंदाज

संस्थेने सांगितलेली मासिक रक्कम हा खर्चाचा एक भाग असतो. अनामत, प्रवेश शुल्क, डायपर, औषधे, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, एअर बेडचे भाडे, डॉक्टरांच्या जादा भेटी, रुग्णवाहिका आणि ‘स्पेशल’ म्हणजे एका व्यक्तीसाठी वेगळी बाई, हे सगळे बहुधा निराळे आकारले जाते. म्हणून दरपत्रक मागून न थांबता, आपल्या वहीतील गरजांसारख्याच गरजा असलेल्या एखाद्या निवासीचे, नाव झाकलेले, मागच्या महिन्याचे संपूर्ण बिल दाखवण्याची विनंती करावी. दर वर्षी किती टक्के वाढ होते, हेही विचारावे. सध्याच्या खर्चावर नव्हे, तर पाच वर्षांनंतरच्या वाढलेल्या शुश्रूषेच्या खर्चावर हिशेब मांडावा.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नये. भारतातील आरोग्य विमा पॉलिसींच्या ठरावीक अपवादांमध्ये विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती शुश्रूषा यांचा समावेश असतो, त्यामुळे आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे अशा दैनंदिन निगेसाठीच्या मुक्कामाचे पैसे मिळत नाहीत. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना लागू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, पण तेही रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, वृद्धाश्रमाच्या शुल्कासाठी नाही. तरीही प्रवेशापूर्वी हे कार्ड काढून घ्यावे, कारण शुश्रूषा केंद्रातील व्यक्तीला वर्षातून एखाद्या वेळी रुग्णालयात न्यावेच लागते. बिलावर वस्तू व सेवा कर लावलेला दिसला, तर विचारणा करावी. शासनाने किंवा आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमाला, साठ वर्षांवरील निवासीकडून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्कावर करमाफी आहे.

ज्यांच्यामागे कोणी नाही किंवा पैसे नाहीत अशांसाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात चौकशी करावी. अनुदानित व मातोश्री वृद्धाश्रमांची माहिती तिथे मिळते. पासष्ट वर्षांवरील गरजूंना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठीचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो.

संस्था पाहायला जाताना

पहिली भेट ठरवून घ्यावी आणि दुसरी न सांगता, शक्यतो संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान किंवा सकाळी सहाला. दिवसाच्या ठरलेल्या भेटीत व्यवस्थापक भेटतात, बाग दिसते आणि भजनाचा कार्यक्रम चालू असतो. रात्री जेवण भरवताना कोण आहे, किती माणसे आहेत आणि घंटा वाजल्यावर किती वेळाने कोणी येते, हे मात्र त्याच वेळी समजते. रात्री दहानंतर किती निवासींमागे किती जागे कर्मचारी असतात, आणि त्यांतले कितीजण प्रशिक्षित परिचारिका आहेत, हा एक प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांआधी विचारावा. उत्तर मोघम आले, तर ड्यूटीचा तक्ता दाखवायला सांगावे.

मग अंथरुणावर असलेल्या निवासींकडे, त्यांची परवानगी घेऊन, नीट पाहावे. नखे कापलेली आहेत का, ओठ कोरडे आहेत का, पाण्याचा पेला हाताशी आहे की खिडकीत, चष्मा स्वच्छ आहे का. टाचा, माकडहाड आणि खुबे या तीन जागी शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, सुरुवात होते. ते टाळण्यासाठी स्वतः हलू न शकणाऱ्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि चांगल्या केंद्रात त्याचा वेळ व सही असलेला कागद पलंगाशी लटकवलेला असतो. दुपारी तीन वाजता गेल्यावर त्यावर रात्री आठपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या दिसल्या, तर तिथून निघावे. लघवीचा वास येतो का हे सगळेच पाहतात. फिनेलचा फार उग्र वास हाही तितकाच विचार करायला लावणारा असतो.

आणखी एक वही मागावी, ती मासिक वजनांची. वजनाची वही नसेल, तर कोणाचे खाणे कमी झाले आहे हे त्या संस्थेला कळण्याचा मार्गच नाही. पडण्याच्या घटनांचीही नोंद असायला हवी, आणि ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ हे उत्तर समाधानकारक मानू नये. निवासींचे हात किंवा कंबर पलंगाला बांधतात का, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वेळ, आणि शांत ठेवण्यासाठी झोपेची औषधे डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय दिली जातात का, हे थेट विचारायला संकोच करू नये.

औषधांची खोली पाहावी. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डबा, मूळ पाकिटातल्या गोळ्या आणि दिल्याबरोबर सही करण्याचा तक्ता असावा. मधुमेही व्यक्तीसाठी रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांमधले अंतर महत्त्वाचे आहे. संध्याकाळी साडेसहाला जेवण उरकून दुसऱ्या दिवशी आठला नाश्ता मिळत असेल आणि रुग्ण इन्सुलिनवर असेल, तर पहाटे साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. झोपण्यापूर्वी दूध-बिस्किट मिळते का आणि रात्री साखर तपासायचे यंत्र कोणाला वापरता येते, हे पाहावे. जेवणाच्या वेळी थांबून स्वतः तेच ताट जेवावे. कवळी नसलेल्यांना भाकरी कुस्करून मिळते का, एकादशी-चतुर्थीच्या उपासाला काय देतात आणि भरवणारी बाई घास घेऊन किती वेळ थांबते, हे त्या अर्ध्या तासात कळते.

कर्मचारी किती दिवसांपासून काम करतात, कुठे राहतात, त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि गणपतीत व दिवाळीत ते गावी गेल्यावर त्यांच्या जागी कोण येते, हा प्रश्न आपल्याकडे विसरून चालत नाही. त्या आठवड्यांत अर्धे मनुष्यबळ नसलेल्या संस्था असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलेही प्रवासात असतात.

नोंदणीची कागदपत्रे पाहावीत. विश्वस्त संस्था असल्यास धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, कंपनी असल्यास तिची कागदपत्रे, अग्निशमन दलाचा दाखला, आणि कोणत्या डॉक्टरांशी व कोणत्या रुग्णालयाशी लेखी व्यवस्था आहे, एवढे तरी असावे. आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या, चालू न शकणाऱ्या माणसांना खाली कसे आणणार, असे विचारून पाहावे. अंथरुणावरचे निवासी तळमजल्यावर ठेवणारी संस्था मी नेहमी अधिक विश्वासाची मानतो.

करार

करार घरी आणून, सावकाश, सर्व भावंडांनी वाचावा. सर्वांत आधी शोधायचे ते कलम म्हणजे प्रकृती खालावल्यावर संस्था काय करणार. अनेक वृद्धाश्रमांच्या नियमांत ‘निवासी अंथरुणाला खिळल्यास पालकांनी परत न्यावे’ असे एक वाक्य असते. प्रवेशाच्या वेळी आजोबा चालत असतात म्हणून त्या वाक्याकडे लक्ष जात नाही, आणि दोन वर्षांनी पक्षाघात झाल्यावर आठ दिवसांत जागा शोधण्याची पाळी येते. हे कलम असेल, तर त्यांच्याच दुसऱ्या विभागात हलवण्याची सोय आहे का आणि मुदत किती, हे लिहून घ्यावे.

अनामत किती दिवसांत परत मिळेल, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे शुल्क किती, सोडण्यासाठी किती दिवसांची सूचना, रात्री रुग्णालयात नेताना सोबत कोण जाणार आणि तिथली सुरुवातीची रक्कम कोण भरणार, भेटीच्या वेळा कोणत्या, या बाबी कराराबाहेर तोंडी ठेवू नयेत. एकदाच मोठी रक्कम किंवा सदनिका संस्थेच्या नावावर करून ‘आजन्म सांभाळ’ मिळवण्याच्या योजनेत वकिलाच्या सल्ल्याशिवाय पडू नये.

सही करता येते तोवर करायची कागदपत्रे

या विषयात सर्वाधिक नुकसान होते ते इथे. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) दिले आहे, आता काळजी नाही, असे समजले जाते. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की ते संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. त्यानंतर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने पती, पत्नी किंवा मुलांना असे पालकत्व दिलेले आहे, पण त्यात वैद्यकीय अहवाल, वकील आणि काही महिने लागतात. म्हणून समज शाबूत असतानाच खर्चासाठीचे एक बँक खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने करून घ्यावे, ठेवींवर नामनिर्देशन करावे आणि दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे.

हात थरथरून सही जुळत नसेल, तर बँकेला तसे सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा अंगठा, आणि तोही शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेचा एक जबाबदार अधिकारी धरून दोन साक्षीदारांच्या ओळखीवर स्वीकारता येतो, आणि सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचीही सूचना आहे. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’द्वारे संस्थेतूनच देता येतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तांना तो नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे.

घर मुलांच्या नावावर बक्षीसपत्राने करून देण्याचा विचार असेल, तर देणाऱ्याच्या मूलभूत गरजा आणि शुश्रूषा पुरवण्याची अट त्या दस्तातच लिहावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली, ही अट न पाळल्यास असे हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट दस्तात नसली की वाद लांबतो. शक्य असल्यास हयातीत हस्तांतरण न करता मृत्युपत्रावर थांबणे मला अधिक सुरक्षित वाटते.

व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग, नळीने अन्न यांबाबत व्यक्तीची काही इच्छा असेल, तर वैद्यकीय इच्छापत्र करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. त्याची प्रत संस्थेच्या फाइलमध्ये असावी, नाहीतर रात्रीच्या धावपळीत ते कोणाच्या हाती लागत नाही.

प्रवेश आणि पहिले सहा आठवडे

सकाळी, जेवणाच्या आधी न्यावे, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी खोली, न्हाणीघर आणि दोन-तीन चेहरे ओळखीचे होतात. घरची गोधडी, देवाची तसबीर, भिंतीवरचे मोठ्या आकड्यांचे घड्याळ, रेडिओ सोबत द्यावा. कपड्यांवर, चष्म्याच्या घरावर, कवळीच्या डबीवर आणि श्रवणयंत्रावर नाव लिहावे. दागिने घरी ठेवावेत. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत ओळख लिहून पलंगाशी लावावी. ‘यांना ताई म्हटलेले आवडते. साताऱ्यात शिक्षिका होत्या. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावे. चहा कमी साखरेचा, बशीतून. दिवा पूर्ण विझवला तर घाबरतात.’ पाळीगणिक बदलणाऱ्या मावशांना या पाच ओळींचा फायलीतल्या पन्नास पानांपेक्षा अधिक उपयोग होतो.

पहिले काही दिवस रडणे, रागावणे, ‘मला घरी ने’ म्हणणे अपेक्षित असते. ‘भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील’ असा सल्ला काही संस्था देतात, तो सहसा मानू नये. थोडा वेळ, पण ठरलेल्या दिवशी व वेळी नक्की जावे. निघताना न सांगता सटकू नये. पहिल्या महिन्यात पडण्याचा धोका अधिक असतो, कारण रात्री शौचालयाची दिशा सवयीप्रमाणे घरातलीच वाटते. दोन-तीन दिवसांत एकाएकी झोपाळूपणा किंवा बडबड वाढली, तर ‘नवी जागा आहे म्हणून’ असे मानून न थांबता लघवीची तपासणी आणि औषधांचा फेरविचार करायला सांगावे.

देखरेख आणि तक्रार

भेटीच्या वेळी दर महिन्याला वजन, औषधांचा तक्ता, त्वचा आणि बिल या चार गोष्टी पाहाव्यात. कर्मचाऱ्यांच्या चांगल्या कामाबद्दल त्यांच्यासमोर आणि व्यवस्थापकांसमोर बोलावे. कमी पगारात, जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या या बायका-पुरुषांशी कुटुंब कसे वागते, यावरही पुष्कळ काही ठरते. तक्रार असल्यास तारीख-वेळेसह आणि जमल्यास छायाचित्रासह लेखी द्यावी, व पोच घ्यावी. सुधारणा झाली नाही, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, विश्वस्त संस्था असल्यास धर्मादाय आयुक्तांकडे, आणि पैसे घेऊन सेवा न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मारहाण किंवा उपासमार दिसल्यास ११२ वर पोलिसांना बोलवावे आणि त्याच दिवशी व्यक्तीला हलवावे.

मुले खर्च नाकारत असतील, तर ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः किंवा तिच्या वतीने संस्थेला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्या न्यायाधिकरणाकडे २००७ च्या अधिनियमाखाली अर्ज करता येतो. मूलबाळ नसल्यास जो नातेवाईक मालमत्ता बाळगून आहे किंवा वारसा मिळवणार आहे, त्याच्याकडूनही निर्वाह मागता येतो. मूळ कायद्यात दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, निकाल देण्याची तरतूद आहे.

अखेरच्या आजाराची तयारी

हे बोलणे अवघड असले, तरी प्रवेशानंतर तीन महिन्यांच्या आत करून घ्यावे. संस्थेतच मृत्यू झाल्यास कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कोणते डॉक्टर देणार, रात्री-अपरात्री ते येतात का, आणि त्यांनी व्यक्तीला अलीकडे तपासलेले असते का, हे विचारून ठेवावे. डॉक्टर मिळाले नाहीत, तर केवळ दाखल्यासाठी पार्थिव रुग्णालयात न्यावे लागते, आणि कधी कधी पोलीस व शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाते. नेत्रदानाची इच्छा असेल, तर ते सहसा सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून नेत्रपेढीचा क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर असावा. परदेशातील मुले पोचेपर्यंत थांबायचे की नाही, अंत्यविधी कोणत्या पद्धतीने व कोठे, आणि कोणी करायचा, हे त्या व्यक्तीलाच विचारले तर अनेकदा ठाम उत्तर मिळते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, जिथे मृत्यू झाला त्या गावाच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयात करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, निवृत्तिवेतन कार्यालय, विमा कंपनी आणि गृहनिर्माण संस्था यांसह अनामत परत देताना शुश्रूषा केंद्रही त्यांतली एक मागते.